गरिबांची चाचणी

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविषयी आपल्याकडे दोन वाक्ये इतकी रुळली आहेत की ती तपासून पाहावीत असे कुणाला वाटत नाही. पहिले वाक्य : बायका अज्ञानापोटी आणि लाजेपोटी तपासायला येत नाहीत, म्हणून जागृती हवी. दुसरे : गरीब देशाला भारी चाचण्या परवडत नाहीत, म्हणून व्हिनेगरच्या बोळ्याने होणारी काही रुपयांची तपासणी हीच आपली चाचणी. पहिल्या वाक्यात दोष बाईच्या माथी जातो, दुसऱ्यात गरिबीच्या. आरोग्यव्यवस्था दोन्हींतून अलगद निसटते.

दुसरे वाक्य अधिक घातक आहे, कारण ते शहाणपणाचे वाटते. त्यात ‘स्वस्त’ ठरवताना बाटलीतल्या द्रावणाची किंमत धरली जाते. बाईची बुडालेली मजुरी, नर्सचे प्रशिक्षण, पुन्हा बोलावूनही न आलेल्या बायका आणि निसटलेले आजार यांतले काहीच त्या हिशेबात येत नाही. हे सगळे धरले की चित्र उलटते. जिथे डॉक्टर कमी, प्रयोगशाळा लांब आणि बाईला दुसऱ्यांदा यायला सवड नाही, तिथेच विषाणू शोधणारी ‘महागडी’ एचपीव्ही चाचणी सर्वाधिक गरजेची ठरते. मात्र त्या चाचणीला लगेचच्या उपचाराची जोड नसेल, तर तीही वाया जाते.

प्रश्न किरकोळ नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळजवळ ८० हजार जणी दगावतात. आणि हा आजार अगोदर हेरता येणाऱ्या मोजक्या कॅन्सरपैकी एक आहे.

१. टंचाई नेमकी कशाची?

या कॅन्सरची चाल संथ असते. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हे त्याचे कारण. हाराल्ड त्सूर हाऊझेन यांनी १९८३-८४ मध्ये या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार कॅन्सरच्या पेशींत शोधून काढले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरांमागे हे दोनच प्रकार आहेत. संसर्ग बहुतेक बायकांना आयुष्यात केव्हातरी होतो आणि बहुतेकींचे शरीर तो वर्ष-दोन वर्षांत परतवून लावते. थोड्या जणींत तो ठाण मांडतो. तिथून पूर्वकर्करोगी बदल आणि मग कॅन्सर, या प्रवासाला बहुधा दहा-वीस वर्षे लागतात.

म्हणजे निसर्गाने भरपूर मुदत दिलेली आहे. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान एकदा किंवा दोनदा नीट तपासले आणि सापडलेले बदल तिथल्या तिथे नष्ट केले, तरी फार मोठा फरक पडतो. पण ‘नीट’ आणि ‘तिथल्या तिथे’ या दोन्ही अटी पाळाव्या लागतात, आणि घोडे तिथेच अडते.

मराठवाड्यातली ऊसतोड कामगार बाई घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास ती जोडीदारासह कारखान्याच्या फडावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खाडा पडला की पैसे कापले जातात. अंगावरून पांढरे जाणे, पाठ धरणे, ओटीपोट दुखणे हे तिच्या दृष्टीने रोजचेच. गावात शिबिर लागले तेव्हा ती योगायोगाने घरी असेल, तर एकदा येईल. ‘रिपोर्ट दोन आठवड्यांनी मिळेल, पॉझिटिव्ह आला तर जिल्ह्याला जा, तिथे दुर्बिणीतून बघतील, मग तुकडा काढतील, मग ठरवतील’ या पायऱ्यांतली प्रत्येक पायरी म्हणजे एक खाडा. सरकारी कागदावर तिची नोंद ‘पाठपुरावा शक्य झाला नाही’ अशी होते.

२. पॅप स्मिअर : यश चाचणीचे की यंत्रणेचे?

जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावाने ओळखली जाणारी पॅप स्मिअर ही या क्षेत्रातली जुनी आणि प्रतिष्ठित चाचणी. १९४१ मध्ये त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध आला आणि पुढच्या काही दशकांत श्रीमंत देशांतला हा कॅन्सर ओसरला. त्यावरून पॅप आली की कॅन्सर जातो, असा समज झाला. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांच्या ‘महिला आरोग्य पॅकेज’मध्ये तो आजही विकला जातो.

उत्तर युरोपातल्या शेजारी देशांची तुलना हा समज खोडते. आइसलंड आणि फिनलंडने १९६० च्या दशकात साऱ्या देशासाठी संघटित कार्यक्रम सुरू केले : वयानुसार यादी, घरी पत्र, ठरावीक अंतराने बोलावणे, उपचारापर्यंत माग. नॉर्वेत तीच चाचणी उपलब्ध होती, पण ज्या बायका स्वतः डॉक्टरांकडे जातील त्यांची व्हायची. १९६५ ते १९८२ या काळात आइसलंडमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले, फिनलंडमध्ये निम्म्याने, आणि नॉर्वेत जेमतेम १० टक्क्यांनी. काचपट्टी तीच, सूक्ष्मदर्शक तोच.

पॅपचा स्वभावच यंत्रणा मागणारा आहे. एका स्मिअरमध्ये बदल निसटण्याची शक्यता बरीच असते. ती उणीव तीन-तीन वर्षांनी पुन्हा तपासून भरून काढावी लागते. प्रत्येक काचपट्टी प्रशिक्षित तंत्रज्ञाने डोळ्यांखालून घालावी लागते आणि त्याच्या कामाची फेरतपासणी व्हावी लागते. भारतासारख्या देशात तीस वर्षांवरील पंचवीस कोटी बायकांसाठी असे डोळे आणायचे कुठून? या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून व्हिनेगर आले.

३. व्हिनेगरची खरी ताकद आणि तिची हद्द

व्हीआयए नावाने ओळखली जाणारी ही तपासणी साधी आहे. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. बदललेल्या पेशींचा भाग पांढुरका दिसतो. प्रयोगशाळा लागत नाही, वीज नसली तरी चालते, निकाल लगेच.

या तपासणीची टिंगल करणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून केलेला प्रयोग जगभर नावाजला गेला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिले गेले. तपासणी गटात सुमारे ७५ हजार बायका होत्या आणि तुलनेच्या गटात ७६ हजार. बारा वर्षांनी तपासणी गटातले या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात नर्सनी व्हीआयए केली, गोठवून बदल नष्ट करण्याचा उपचारही त्याच जागी दिला, आणि मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’मध्ये २००७ साली आलेला तो अभ्यास आजही व्हीआयएच्या बाजूचा सर्वात मजबूत पुरावा आहे.

मग तक्रार काय?

मुंबईचे यश चार फेऱ्यांचे आहे. दर दोन वर्षांनी त्याच बायकांना पुन्हा बोलावले, घरोघरी जाऊन आणले, टाटासारखी संस्था पाठीशी उभी राहिली. शिवाय तिथे मृत्यू घटले तरी कॅन्सर होण्याचे प्रमाण मात्र घटले नाही. आजार लवकर सापडला म्हणून बायका वाचल्या, पण आजार होण्याआधी तो रोखला गेला नाही. दिंडिगुलमध्ये प्रमाणही घटले. आणि ज्याविषयी पुढे येईल, त्या धाराशिवच्या अभ्यासात व्हीआयएचा लक्षणीय परिणाम दिसलाच नाही. तीन ठिकाणी तीन निकाल. काळजीपूर्वक आखलेल्या, देखरेखीखालच्या संशोधनात ही तऱ्हा असेल, तर मोजक्या दिवसांचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि लसीकरण, बाळंतपणे, नोंदवह्या सांभाळून तपासणी करणाऱ्या एएनएम नर्सच्या हाती तिचे काय होत असेल?

दोष एएनएमचा नाही. पांढुरके किती पांढुरके, जंतुसंसर्गाची सूज कोणती आणि बदल कोणता, हे ओळखायला सराव लागतो आणि आपले निदान बरोबर ठरले की चूक हे कळावे लागते. उपकेंद्रात बसलेल्या नर्सला ते कधीच कळत नाही. तिने पाठवलेल्या बाईचे पुढे काय झाले, हे तिला कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पाळी गेल्यानंतर ज्या भागात हे बदल होतात तो भाग आत, नळीत सरकतो आणि डोळ्यांना दिसेनासा होतो. म्हणून पन्नाशीनंतर व्हीआयए भरवशाची राहत नाही. तरीही केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक चौकटीत ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयएने तपासणी सांगितली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला ‘निगेटिव्ह’ सांगून घरी पाठवणे म्हणजे तिला खोटा दिलासा देणे आहे.

४. धाराशिवचा निकाल

आता त्या अभ्यासाकडे वळू, ज्याची सर्वाधिक माहिती महाराष्ट्राला असायला हवी होती.

१९९९ च्या सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियोंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो उभारला. रंगस्वामी शंकरनारायणन हे त्याचे प्रमुख संशोधक. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ समूह, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत विभागणी : एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हीआयए, चौथ्याला फक्त नेहमीची सेवा आणि माहिती. प्रत्येक तपासणी एकदाच. मग आठ वर्षे पाठपुरावा.

एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने निकाल छापले. एचपीव्ही गटात या कॅन्सरचे ३४ मृत्यू झाले, पॅप गटात ५४, व्हीआयए गटात ५६, आणि न तपासलेल्या गटात ६४. गटांचा आकार साधारण सारखा होता. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. पुढच्या टप्प्यांतले कॅन्सर न तपासलेल्या गटात ८२ होते, एचपीव्ही गटात ३९. पॅप आणि व्हीआयएच्या एका फेरीनंतर मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

या निकालातला सर्वात बोलका भाग मात्र निगेटिव्ह आलेल्या बायकांचा आहे. एचपीव्ही निगेटिव्ह ठरलेल्यांमध्ये पुढे कॅन्सर होण्याचा दर वर्षाला लाखात ३.७ होता. पॅप निगेटिव्ह असलेल्यांत तो १५.५ आणि व्हीआयए निगेटिव्ह असलेल्यांत १६.० भरला. म्हणजे ‘काही नाही, घरी जा’ हे वाक्य एचपीव्ही चाचणीनंतर चौपट विश्वासाने म्हणता येते. ज्या बाईची पुन्हा भेट होईल की नाही याची खात्री नाही, तिच्या बाबतीत चाचणीचा हाच गुण सर्वात मोलाचा. शहरातल्या, दर वर्षी तपासणी करणाऱ्या बाईला चुकलेले निदान पुढच्या वर्षी सापडेल. फडावरच्या बाईला पुढचे वर्ष मिळेलच असे नाही.

जगाने हा निकाल गांभीर्याने घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या कॅन्सरच्या उच्चाटनाचे धोरण जाहीर केले : २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची ३५ आणि ४५ व्या वर्षी दर्जेदार चाचणी, आणि आजार सापडलेल्या ९० टक्के जणींवर उपचार. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी पहिली पसंती एचपीव्ही चाचणीला दिली. त्यामागच्या पुराव्यात मराठवाड्यातल्या या बायकांचा वाटा मोठा आहे. ज्या जिल्ह्याने जगाला उत्तर दिले, त्याच जिल्ह्यातल्या उपकेंद्रासाठी देशाची चौकट मात्र व्हीआयएवरच थांबली.

५. एका भेटीचे गणित

चाचणी चांगली असली तरी ती फक्त संशय सांगते. उपचार कधी आणि कुठे, यावर पुढचे सगळे ठरते.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत लिनेट डेनी आणि सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिले. साडेसहा हजार बायकांवर एचपीव्ही आणि व्हीआयए दोन्ही झाल्या. मग एका गटात एचपीव्ही पॉझिटिव्ह असलेल्यांवर, दुसऱ्यात व्हीआयए पॉझिटिव्ह असलेल्यांवर लगेच गोठवण्याचा उपचार केला आणि तिसऱ्या गटाचा उपचार पुढे ढकलला. तुकडा काढून तपासण्याची पायरी उपचाराआधी ठेवलीच नाही. तीन वर्षांनी गंभीर बदल तिसऱ्या गटात ५.६ टक्के होते, व्हीआयए गटात ३.८ आणि एचपीव्ही गटात १.५ टक्के. उपचार नर्सनी केले.

आता तर गोठवण्यासाठी लागणारे गॅसचे सिलिंडर वाहून नेण्याचीही गरज उरलेली नाही. थर्मल ॲब्लेशनचे उपकरण बॅटरीवर चालते. सुमारे १०० अंश सेल्सिअसला तापलेले टोक वीस-तीस सेकंद टेकवायचे. भूल बहुधा लागत नाही, आणि बाई चालत घरी जाते. बदल नळीच्या आत गेला असेल किंवा कॅन्सरचाच संशय असेल, तर मात्र वरच्या रुग्णालयात पाठवावे लागते, आणि तो निर्णय घ्यायला प्रशिक्षण हवेच. पण उपकेंद्रातून आलेल्या प्रत्येकीला दुर्बिणीच्या तपासणीसाठी जिल्ह्याला पाठवण्याची जी रीत आहे, ती ठेवली तर कोणतीही चाचणी पांगळीच होणार.

एचपीव्ही चाचणीचा दुसरा मोठा फायदा असा की नमुना बाई स्वतः घेऊ शकते. मऊ ब्रश योनिमार्गात फिरवायचा आणि नळीत टाकायचा. पीसीआर पद्धतीच्या चाचण्यांत स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच उपयोगी पडतो, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून हा पर्याय सर्व पात्र बायकांना खुला केला. मलेशियात २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘रोज’ कार्यक्रमात बायका नमुना स्वतः घेतात आणि निकाल मोबाइलवर मिळवतात. टेबलावर झोपून स्पेक्युलम लावून घेणे ज्यांना नको वाटते, त्यांच्यासाठी अडचणीचा मोठा भाग इथेच गळून पडतो. म्हणजे ज्याला ‘लाज’ म्हणून बायकांच्या पदरी टाकले जाते, त्यातला बराच भाग खोली, पडदा, पुरुष डॉक्टर आणि थंड लोखंड यांचा असतो.

६. चार आक्षेप

पहिला आक्षेप पैशांचा, आणि तो खोटा नाही. एचपीव्ही चाचणीच्या किटची किंमत व्हिनेगरच्या तुलनेत कितीतरी पट आहे. पण किंमत ही निसर्गाने ठरवून दिलेली गोष्ट नव्हे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीला खासगी प्रयोगशाळांसाठी ४,५०० रुपयांची मर्यादा होती. महाराष्ट्राने ऑक्टोबरमध्ये ती ९८० वर आणली आणि मार्च २०२१ मध्ये ५०० वर. मोठी खरेदी, देशी किट, स्पर्धा आणि सरकारचा हट्ट, एवढ्याने हे झाले. त्या साथीत उभ्या राहिलेल्या पीसीआर प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि एचपीव्ही त्याच तंत्राने शोधला जातो. क्षयरोगासाठी गोव्याच्या मोलबायो कंपनीने बनवलेले ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते आणि तालुक्याच्या पातळीवर पोहोचले आहे. २०२५ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने देशी एचपीव्ही चाचण्यांची पडताळणी झाली. दिल्लीचे एम्स आणि मुंबईची प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था त्यात होत्या, आणि पडताळलेल्या चाचण्यांत एक ट्रूनॅटवर चालणारी आहे. यंत्र आहे, तंत्रज्ञ आहे, देशी किट आहे. उरते ती खरेदीची निविदा. शिवाय दर पाच वर्षांनी व्हीआयए आणि दहा वर्षांनी एचपीव्ही अशी तुलना केली, तर नर्सचे तास आणि बायकांचे खाडे निम्मे होतात. हा पैसा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो सरकारच्या खिशातून जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. एचपीव्ही पॉझिटिव्ह येणाऱ्या बहुतेक बायकांना कॅन्सर कधीच होणार नसतो. त्यांना घाबरवायचे, अनावश्यक उपचार करायचे? महाराष्ट्रात या भीतीला रक्ताचा इतिहास आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पांढरे जाण्याची तक्रार घेऊन गेल्यावर ‘कॅन्सर होईल’ म्हणून सांगितले गेले, असे त्यांतल्या अनेकींनी त्या वेळी बातमीदारांना सांगितले. पॉझिटिव्ह शिक्का मारलेला कागद अशा बाजारात गेला, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

पण याचे उत्तर चाचणी टाळण्यात नाही. धाराशिवच्या अभ्यासातच व्हीआयएने १३.९ टक्के बायकांना संशयित ठरवले होते, एचपीव्हीने १०.३ टक्के. म्हणजे ‘स्वस्त’ चाचणी जास्त जणींना घाबरवते आणि कमी जणींना वाचवते. शिवाय १६ आणि १८ हे धोक्याचे प्रकार वेगळे ओळखता येतात, त्या बायकांना आधी उपचार देता येतो आणि इतरांना वर्षभराने पुन्हा तपासता येते. बीडच्या बायकांची पिशवी गेली ती सरकारी यंत्रणेतला छोटा, फुकट, वीस सेकंदांचा उपचार त्यांना मिळत नव्हता म्हणून. पॉझिटिव्ह आलेल्या बाईला त्याच दिवशी, त्याच खोलीत उपचार मिळाला, तर तालुक्याच्या ठिकाणच्या ऑपरेशन थिएटरकडे जाण्याचे तिला कारण उरत नाही.

तिसरा आक्षेप : लस आली आहे, मग तपासणीचा खटाटोप कशाला? लसीची कामगिरी खरोखर थक्क करणारी आहे. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्यांत हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी घटला, आणि स्कॉटलंडमध्ये त्या वयात लस घेतलेल्या मुलींत एकही रुग्ण आढळला नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. एकच मात्रा पुरेशी ठरते हे दाखवणाऱ्या भारतीय अभ्यासातही बार्शीचा सहभाग होता. पण आज चौदा वर्षांच्या मुलीला दिलेली लस तिच्या पस्तीस वर्षांच्या आईला वाचवत नाही. लसीचा फायदा मृत्यूच्या आकड्यांत उमटायला दोन-तीन दशके लागतील. मधल्या काळातल्या मृत्यूंची यादी आज तिशी ओलांडलेल्या बायकांची आहे.

चौथा आक्षेप जागृतीचा, आणि त्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका अभिनेत्रीने या कॅन्सरने आपला मृत्यू झाल्याची बातमी पसरवली आणि दुसऱ्या दिवशी ‘जागृतीसाठी केले’ म्हणून जिवंत हजर झाली. दोन दिवस देशभर या आजाराची चर्चा झाली. त्या दोन दिवसांत जागृत झालेली एखादी बाई तालुक्याच्या रुग्णालयात गेली असती, तर तिथे कोणती चाचणी तिची वाट पाहत होती? मुंबईच्या वस्त्यांत आणि धाराशिवच्या गावांत, जिथे सेवा दारापर्यंत आली, तिथे दहापैकी आठ-नऊ बायका आल्या. 

७. मोजायचे काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के होत्या. तमिळनाडूत हे प्रमाण दहाच्या जवळ होते. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने सांगितले की तीस वर्षांवरच्या सुमारे २५.४२ कोटी बायकांपैकी १०.१८ कोटींची तपासणी झाली. चार-पाच वर्षांत एवढी झेप? काही प्रमाणात ती खरी असेल. आयुष्मान आरोग्य मंदिरांत यंत्रणा उभी राहिली आहे, आशा घरोघरी जाऊन फॉर्म भरतात. पण ‘तपासणी’ या रकान्यात नेमके काय धरले, आशाने विचारलेले प्रश्न की व्हिनेगर लावून पाहिलेले गर्भाशयमुख, हे त्या एका आकड्यातून उमगत नाही. किती जणी पॉझिटिव्ह आल्या, त्यांतल्या किती जणींवर उपचार झाला, किती दिवसांत झाला, हेही नाही. आइसलंड आणि नॉर्वेमधला फरक याच रकान्यांत होता.

धाराशिवच्या चौथ्या, न तपासलेल्या गटाबद्दलही बोलायला हवे. त्यात ३१,४८८ बायका होत्या. अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा आणि इतरांनी या अभ्यासांवर जाहीर आक्षेप घेतला : पॅपचा उपयोग जगाला ठाऊक असताना एवढ्या बायकांना तपासणीविना का ठेवले? मुंबई, धाराशिव आणि दिंडिगुल या तीन अभ्यासांतल्या न तपासलेल्या गटांत मिळून या कॅन्सरने २५४ मृत्यू झाल्याची नोंद या वादात वारंवार पुढे आली. संशोधकांचे उत्तर असे की भारतात तेव्हा नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणे हेच होते, आणि कोणती पद्धत खेड्यात चालेल हे कळल्याशिवाय धोरण आखता येत नव्हते. हे उत्तर तर्काला धरून आहे, पण त्यात एक वचन दडलेले आहे : उत्तर मिळाले की ते वापरले जाईल. ते २००९ मध्ये मिळाले. त्यानंतर सात वर्षांनी देशाने चौकट आखली आणि तिच्यात व्हीआयए घातली. नैतिकतेच्या या वादात संशोधकांना जाब विचारला गेला. निकाल हाती असूनही तो न वापरणाऱ्यांना तितक्या जोराने कुणी विचारला नाही.

सुरुवात कुठून करता येईल, याला एक सोपी जागा आहे. एचआयव्हीबाधित बायकांना हा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे सहापट असतो, आणि जागतिक आरोग्य संघटना त्यांची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी सांगते. महाराष्ट्रात या बायका एचआयव्हीचे औषध देणाऱ्या एआरटी केंद्रांवर ठरावीक दिवसांनी औषध घ्यायला येतातच. त्यांचे नाव, पत्ता, पुढची तारीख सगळे नोंदवहीत असते. त्या रांगेत एक ब्रश, एक नळी आणि पुढच्या औषधाच्या दिवशी थर्मल ॲब्लेशनची खोली एवढे जोडायला नवी इमारत लागत नाही. ऊसतोडीच्या पट्ट्यात हंगाम सुरू होण्याआधीचे दोन महिने असेच वापरता येतील : भाद्रपदात नमुना, निकाल तालुक्याच्या यंत्रावर, उपचार घटस्थापनेच्या आत.